विधिलिखित जोडीदार चालतो, मग पत्रिका का नको?

प्रश्न : आम्ही खांदा कॉलनीत राहतो. माझी लेक पंचवीस वर्षांची आहे, नोकरी फोर्टला. खांदेश्वरला लोकलमध्ये बसली की सीएसएमटी येईपर्यंत ती एल्फ लोकांच्या जाडजूड इंग्रजी प्रेमकादंबऱ्या वाचते. एकदा मी सहज गोष्ट विचारली. म्हणाली, यातल्या नायिकेचा जोडीदार नियतीनेच ठरवलेला असतो, दोघांमध्ये एक अदृश्य धागा असतो. त्याच संध्याकाळी तिच्यासाठी आलेल्या एका स्थळाची पत्रिका जुळते आहे एवढंच मी म्हटलं, तर घरात वादळ! वर मलाच ऐकवते, की या कादंबऱ्यांतल्या बायका स्वतंत्र असतात. जोडीदार नशिबाने ठरलेला आणि बाई स्वतंत्र, हे एकाच वेळी कसं शक्य आहे? आणि तिथलं नशीब चालतं, तर माझ्या पत्रिकेने काय घोडं मारलंय?

ता. क. : माझं इंग्रजी बेताचं आहे. यातलं काही मला मराठीत वाचता येईल का?

उत्तर : तुमचा वैताग समजण्यासारखा आहे आणि शंका तर त्याहून रास्त आहे. थोडक्यात ती अशी : जोडीदार आधीच ठरलेला असेल तर नायिकेला निवडायला उरतं काय, आणि निवडायला काही उरतच नसेल तर तिला स्वतंत्र कशावरून म्हणायचं? गुंता वाटतो तेवढा अवघड नाही. त्या गोष्टींतलं नशीब बांधून कोणाला ठेवतं आणि प्रश्न कोणाला विचारतं, एवढंच पाहायचं.

आधी हे एल्फ कोण ते बघू. नाताळात सांताक्लॉजच्या कारखान्यात खेळणी बनवणारे हिरव्या टोपीतले बुटके डोळ्यांसमोर आले असतील, तर ते बाजूला ठेवा. उत्तर युरोपच्या जुन्या कथांमधले एल्फ म्हणजे माणसांच्या शेजारी राहणारी, पण माणसांना सहसा न दिसणारी एक जमात. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधून तिला आजचं रूप दिलं : उंच, देखणे, गाण्यात आणि कारागिरीत निष्णात, म्हातारपण न येणारे. हल्लीच्या प्रेमकादंबऱ्यांत त्यांचेच चुलतभाऊ ‘फे’ या नावाने वावरतात. टोकदार कान, शेकडो वर्षांचं आयुष्य आणि अंगात जादू. आपल्या गंधर्व, यक्ष, अप्सरांचे नातेवाईक समजलात तरी चालेल.

ही मंडळी अगदीच परकी आहेत असंही मानू नका. आपल्याकडे विहिरीच्या काठी किंवा नदीच्या डोहाशी शेंदूर लावलेले सात दगड मांडलेले दिसतात. त्या साती आसरा. पाण्यात राहतात, रूपवान असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये, असं जुनी माणसं बजावतात. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासची अशी ठाणी पायी हिंडून पाहिली आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात त्यांच्याविषयी लिहिलं. या रानातल्या मातृदेवतांना बहुधा नवरा नसतो, हे त्यांना विशेष वाटलं. नवरा नाही, सासर नाही, आणि तरी सगळं गाव वचकून आहे!

त्याच पुस्तकात कोसंबींचा उर्वशी आणि पुरूरवा यांच्यावर एक निबंध आहे. तुमच्या लेकीच्या कादंबऱ्यांना आपल्याकडची सर्वांत जवळची गोष्ट तीच. उर्वशी अमर, पुरूरवा मर्त्य. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ९५ व्या सूक्तात दोघांचा संवाद आहे, आणि तो प्रेम जुळतानाचा नाही, मोडल्यानंतरचा आहे. ती निघून गेली आहे, राजा विनवण्या करतो आहे, ती ठाम आहे. मागची हकिगत शतपथ ब्राह्मणात येते. लग्नाच्या वेळी उर्वशीने अटी घातल्या होत्या; नवरा विवस्त्र आपल्या दृष्टीस पडू नये, ही त्यांतली एक. गंधर्वांनी रात्री तिच्याजवळचे मेंढे पळवले, राजा तसाच धावला, गंधर्वांनी नेमकी तेव्हाच वीज चमकवली. अट मोडली आणि बाई गेली. पुढे कालिदासाने ‘विक्रमोर्वशीय’ नाटकात शेवट गोड केला. प्रेक्षकांना घरी पाठवायचं असलं की नाटककाराला तो करावाच लागतो. वैदिक सूक्तातली उर्वशी मात्र पुरूरव्याला ‘घरी जा’ असंच सांगते. म्हणजे दोन जगांना ओलांडून जाणारं प्रेम आणि स्वतःच्या अटींवर जगणारी बाई, ही जोडी फार जुनी आहे. इंग्रजी कादंबरीने ती काल-परवा शोधली, असं नाही.

आता खास एल्फांची गोष्ट, कारण तुमचा प्रश्न जसाच्या तसा तिथे विचारला गेला आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत वेंडी आणि रिचर्ड पिनी या जोडप्याने ‘एल्फक्वेस्ट’ ही चित्रकथा मालिका सुरू केली. (या दोघांची ओळख एका कॉमिकच्या वाचकपत्रांच्या पानामुळे झाली. तिचं पत्र छापून आलं, ते वाचून त्याने तिला लिहिलं, आणि काही वर्षांनी लग्न. सदरांना पत्रं पाठवणाऱ्यांनी आशा सोडू नये.) त्यांच्या एल्फांमध्ये ‘रेकग्निशन’ नावाचा प्रकार असतो. दोघांची नजरानजर होते आणि याच्यापासून आपल्याला उत्तम संतती होणार हे शरीरालाच उमगतं. मनाची संमती कोणी घेत नाही. टाळत राहिलं तर दोघंही झुरतात, खंगतात. पत्रिकेत निदान मुहूर्त तरी पुढे ढकलता येतो. इथे तीही सोय नाही.

लांडग्यांवर स्वार होणाऱ्या टोळीचा तरुण नायक कटर वाळवंट ओलांडून येतो आणि एका गावावर धाड घालतो. तिथे लीटा नावाची वैद्य त्याच्या दृष्टीस पडते, ही ‘ओळख’ पटते आणि हा पठ्ठ्या तिला सरळ उचलून घेऊन जातो. लीटा त्याच्याहून वयाने शेकडो वर्षांनी मोठी, गावात मान असलेली, हाताच्या स्पर्शाने जखमा बऱ्या करणारी. तिला ओढ कळते, पण तिची तक्रार सरळ असते : हे मी ठरवलेलं नाही. तिच्यावर आधीपासून डोळा असलेला रायेक हा गावातला गडी मध्ये पडतो. दोघा पुरुषांची कसोटी लागते आणि कटर जिंकतो. इथे लेखकांची हुशारी दिसते. जिंकून कटरला लीटा मिळत नाही, तिची मनधरणी करण्याचा हक्क तेवढा मिळतो. ती वेळ घेते, त्याला पारखते आणि मग आपल्या पायांनी त्याच्याकडे जाते.

त्याच मालिकेत ड्यूशाइन नावाची तरुणी आहे. तिचं प्रेम स्काउटरवर, आणि ‘ओळख’ मात्र पटते टिल्डॅक नावाच्या भलत्याशीच. ती नियतीचं देणं देऊन टाकते, टिल्डॅकपासून तिला मुलगा होतो आणि संसार ती स्काउटरशीच करते. नियती एका बाजूला, प्रेम दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींचा हिशेब ती बाई स्वतः लावते. पन्नासएक वर्षांपूर्वीच्या चित्रकथेत हे वाचून मी तरी चकित झालो होतो.

कटरने लीटाला उचलून नेलं म्हणताना तुम्हाला रुक्मिणीहरण आठवलं असेल. आठवायलाच हवं, पण दोन्हींत एक मोठा फरक आहे आणि तो महाराष्ट्राला भूषणावह आहे. आपल्या गोष्टीत हरणाच्या आधी पत्र जातं. रुक्मिणी विदर्भाची राजकन्या. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर हे तिचं माहेर मानतात आणि तिची पालखी अजूनही तिथून आषाढीला पंढरपूरला जाते. भाऊ रुक्मी याने तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं. तिने एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र धाडलं. भागवतात ते सात श्लोकांचं आहे आणि त्यातला तपशील पाहिला की ही मुलगी घाबरून रडत बसलेली नव्हती हे कळतं. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीच्या दर्शनाची यात्रा गावाबाहेर जाते, तिथून मला ने, म्हणजे महालात शिरून माझ्या नातलगांना मारायची वेळ येणार नाही, असा बेतच ती आखून देते. ते देऊळ कौंडिण्यपूरचं अंबिकेचं, असं तिथले लोक सांगतात. अमरावतीकरांना विचाराल तर ते तुम्हाला आपल्या अंबादेवीच्या देवळात नेतील. या वादात मी पडत नाही.

आता नियतीचं बघा. रुक्मिणी लक्ष्मीचा अवतार आणि कृष्ण विष्णूचा, तेव्हा जोडी वैकुंठातच ठरलेली. याहून पक्कं विधिलिखित कुठल्या एल्फला मिळायचं? तरीही कथेत नियती हातावर हात ठेवून बसते आणि काम रुक्मिणीला करावं लागतं. पत्र तिने लिहायचं, दूत तिने निवडायचा, जागा आणि दिवस तिने कळवायचा. संत एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत ‘रुक्मिणी स्वयंवर’ पूर्ण केलं आणि पुढे महाराष्ट्रात एक गमतीचा रिवाज पडला. मुलीचं लग्न लवकर जमावं म्हणून तिला या ग्रंथाचं पारायण करायला बसवायचं! घरच्यांनी ठरवलेलं स्थळ झुगारून रथात बसून निघून गेलेल्या मुलीची कथा, आणि ती वाचायची घरच्यांनी आणलेलं स्थळ जमावं म्हणून. आजवर किती आयांनी आपल्या मुलींच्या हाती हे पुस्तक निर्धास्तपणे दिलं असेल, याचं मला नेहमी हसू येतं.

रुक्मिणीची गोष्ट लग्नाने संपतही नाही. राधेला कृष्णाच्या मांडीवर पाहून ती रुसली, द्वारका सोडली आणि दिंडीरवनात येऊन राहिली. तिला शोधत देव पंढरपूरला आला, अशी कथा आहे. आजही तिचं देऊळ वेगळं आहे, ती विठ्ठलाच्या शेजारी उभी नाही. इतर देवळांत देव-देवी जोडीने असतात, इथे दर्शनाला दोनदा रांग लावावी लागते. वैकुंठात ठरलेलं लग्नसुद्धा रुसण्याचा आणि घर सोडण्याचा हक्क काढून घेत नाही, हे वारकऱ्यांनी शेकडो वर्षं मुकाट मान्य केलेलं आहे.

मग प्रश्न येतो, लेखिकांना हे नशीब हवं असतं कशाला? नायिका स्वतंत्र दाखवायची आहे ना, मग साधी निवड करू द्या तिला. याचं कारण प्रेमकथेच्या रचनेत आहे. साध्या प्रेमकथेत बाईची मोठी भीती एकच असते : हा फसवेल, कंटाळेल, सोडून जाईल. ती भीती डोक्यावर असेपर्यंत तिला जपून राहावं लागतं, मन मारावं लागतं, भांडणसुद्धा बेताने करावं लागतं. नियतीचा धागा बांधला की ही भीती गळून पडते, कारण आता तो जाऊच शकत नाही. त्यामुळे ती बिनधास्त भांडू शकते, दूर जाऊ शकते, स्वतःच्या लढाया लढू शकते, वर्षभर उत्तरही लांबवू शकते. या धाग्याने जखडला जातो तो मुख्यतः पुरुष. बाईपुढे येतो तो एक प्रश्न, आणि उत्तर द्यायला तिला सवड मिळते. पुरूरवा विनवतो, विठ्ठल शोधत येतो, कटर ताटकळतो. चांगल्या कादंबऱ्यांत हाच नमुना पुन्हा पुन्हा दिसेल.

तुमच्या लेकीच्या हातात बहुधा सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही २०१५ पासून येत असलेली मालिका असावी. तिची नायिका फेयरा ही घरच्यांची पोटं भरण्यासाठी शिकार करणारी मर्त्य मुलगी. पहिल्या भागात तिचं टॅमलिन नावाच्या फे सरदारावर प्रेम बसतं, त्याच्यासाठी ती मरणही पत्करते. दुसऱ्या भागात तोच प्रियकर तुझ्या भल्यासाठी म्हणत तिला वाड्यात कोंडतो, आणि ती तिथून निघून जाते. पुढे उलगडतं की तिचा विधिलिखित सोबती टॅमलिन नव्हताच, तो रायसँड. आणि रायसँडला हे आधीपासून ठाऊक होतं. फेयरा हरखून जात नाही, भडकते. मला का सांगितलं नाहीस, हा तिचा पहिला सवाल. राग निवल्यावर ती विचार करते आणि मग त्याच्यापुढे अन्न ठेवते. त्या जगात बाईने सोबत्याला खाऊ घातलं की नातं स्वीकारलं, अशी रीत आहे. आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची ही बरोबर उलटी बाजू : तिथे बशी येते ती होकार देण्यासाठी, आणि परीक्षा तोवर त्याची होऊन गेलेली असते.

मास यांनी नशिबाला फार भाव दिलेला नाही, हेही लक्षात घ्या. रायसँडचे आईवडील विधिलिखित जोडी होते, पण एकमेकांना शोभत नव्हते, असं त्या कथेतच सांगतात. फेयराची बहीण एलेन हिचा सोबतीही ठरलेला आहे. ती त्याच्याकडे ढुंकून बघत नाही आणि तो बिचारा भेटवस्तू आणत थांबून राहतो. धागा आहे म्हणून होकार दिलाच पाहिजे, असं त्या जगातही कोणी म्हणत नाही.

प्रेमाची किंमत कोण मोजतं, यात मात्र काळाप्रमाणे फरक पडला आहे. टॉल्किन यांच्या कथांत बाई अमर आणि पुरुष मर्त्य असतो. एल्फ राजकन्या ल्यूथिएन हिला बेरेन नावाचा माणूस भेटतो आणि प्रथमदर्शनीच तिचं भवितव्य ठरतं. बाप तिला एका उंच झाडावरच्या घरात डांबतो. ती आपले केस जादूने वाढवून त्यांचा झोप आणणारा झगा विणते, पहारेकऱ्यांना निजवून निसटते, साऱ्या जगाला छळणाऱ्या मॉर्गोथलाही गाऊन झोपवते, आणि बेरेन मेल्यावर मृतांच्या न्यायाधीशापुढे गाऊन त्याला परत मिळवते. बदल्यात आपलं अमरत्व देते. मराठी वाचकाला इथे लगेच सावित्री आठवावी, आणि आठवावी ती महाभारतातली. वटपौर्णिमेच्या सातव्या फेऱ्यापर्यंत आपण एक गोष्ट विसरलेलो असतो : वनपर्वातली सावित्री स्वतः रथात बसून देशोदेशी वर शोधत हिंडली. सत्यवान वर्षभरात मरणार हे नारदांनी सांगितल्यावर बापाने दुसरा बघ म्हटलं, ते तिने मानलं नाही. नियती तिला आधी कळली आणि निवड तिने तरीही बदलली नाही. यमाच्या मागे ती रडत गेली नाही, वाद घालत गेली, आणि एकेक वर असा मागत गेली की शेवटी यमाला नवरा परत देण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. इतक्या हुशार वकिलाला आपण नुसतं पतिव्रता म्हणून बसलो.

टॉल्किन यांना ल्यूथिएनची कथा घरातूनच सुचली होती. एडिथ या मुलीवर त्यांचं प्रेम होतं, पण पालकांनी एकवीस वर्षांचा होईपर्यंत तिला पत्रसुद्धा लिहायचं नाही अशी ताकीद दिली. एकविसावं लागताच, १९१३ च्या जानेवारीत, त्यांनी पत्र लिहिलं. तोवर तिचं दुसरीकडे ठरलं होतं. ते तिने मोडलं. ऑक्सफर्डजवळच्या वॉल्व्हरकोट दफनभूमीत दोघांच्या एकाच शिळेवर ल्यूथिएन आणि बेरेन ही नावं कोरलेली आहेत. नव्या कादंबऱ्यांत हिशेब उलटा झाला आहे. तिथे पुरुष अमर असतो, मुलगी मर्त्य असते आणि प्रेमाच्या वाटेवर तिलाच अमरत्व आणि शक्ती मिळते. पूर्वीच्या नायिका प्रेमापायी काही गमावत, आताच्या कमावतात. याला प्रगती म्हणायचं की लाड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता तुमच्या पत्रिकेकडे येऊ. ती खरी की खोटी हा वाद आज नको. गुणमेलनाची रीत बघा : वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट आणि नाडी यांना एकापासून आठपर्यंत चढते गुण, बेरीज ३६, आणि निम्मे म्हणजे १८ जमले तर पुढे जायचं. त्यात गणही तीन, देव, मनुष्य आणि राक्षस. देवगणी मुलगी आणि राक्षसगणी मुलगा हा प्रकार कुठल्याही फे कादंबरीत सहज खपून जावा. तेव्हा कल्पनाशक्तीत आपण कमी नाही. फरक दोन ठिकाणी आहे. कादंबरीतला धागा त्या दोघांना आतून जाणवतो. पत्रिका त्या दोघांनी एकमेकांना पाहायच्या आधी तिसराच माणूस कागदावर जुळवतो. आणि दुसरं, धागा सापडला की कादंबरीची खरी सुरुवात होते, नायिका आता काय म्हणणार याची. ‘पत्रिका जुळते आहे’ हे वाक्य मात्र पुष्कळ घरांत चर्चा संपल्याच्या सुरात म्हटलं जातं. तुम्ही ते तसं म्हणाला नसाल, पण तिने तसं ऐकलं. ‘पत्रिका जुळते आहे, तुला भेटावंसं वाटतंय का?’ असं विचारून बघा. नाही म्हणाली तर तेही लीटाचं ऐकलं गेलं तसं ऐकून घ्यावं लागेल, एवढी तयारी ठेवा.

तिच्या चिडण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते तिला स्वतःलाही सांगता येणार नाही कदाचित. नशिबाच्या गोष्टीची मजा घ्यायची तर नकाराचा हक्क आधी पदरात असावा लागतो. तो नव्हता तेव्हाचं मुंबईतलंच उदाहरण देतो. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लावून दिलं होतं. मोठं झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला, तेव्हा १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला, अपिलानंतर तो फिरला, आणि १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम झाला. रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल. दरम्यान ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला पत्रं लिहून बालविवाहावर टीका केली होती. १८८८ मध्ये नवऱ्याला पैसे देऊन प्रकरण मिटलं, आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. विधिलिखित, मागल्या जन्मीची गाठ, असल्या शब्दांचा त्यांच्या काळी काय अर्थ होत असेल याचा विचार करा. कोर्टाच्या हुकमाच्या जोरावर येणाऱ्या नियतीवर कोणी प्रेमकथा वाचत नाही. तुमची लेक ती लोकलमध्ये बसून आवडीने वाचू शकते, कारण तिच्या बाबतीत ती गोष्टच आहे.

या प्रकारातली सगळीच पुस्तकं शहाणी आहेत, असं मात्र तिला म्हणू देऊ नका. धाग्याचं निमित्त करून नायकाने केलेला पाठलाग, कोंडून ठेवणं, धाकदपटशा हे सारं प्रेम म्हणून खपवणाऱ्या कादंबऱ्या ढिगाने आहेत. एल्फांच्या नसलेल्या पण गाजलेल्या ‘ट्वायलाइट’ मालिकेत, २००८ च्या चौथ्या भागात, लांडगा होणारा तरुण जेकब एका नवजात मुलीशी असाच कायमचा जोडला जातो. लेखिका आपल्याला पटवत राहते की तूर्त हे भावासारखं आहे, पुढचं पुढे. मला ते अजिबात पटलं नाही. ज्या बाळाला बोलताही येत नाही त्याच्या वतीने नियती होकार देऊन मोकळी होते, आणि नायिकेचं उत्तर ऐकायला कथा थांबतच नाही. हे उदाहरण लेकीपुढे ठेवा, ती काय म्हणते ते ऐकण्यासारखं असेल.

आता ता. क. मराठीत मुग्धा कर्णिक यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा अनुवाद केला आहे, तिथून सुरुवात करता येईल. फक्त एक सूचना. त्यातली एल्फ राजकन्या आर्वेन आणि ॲरागॉर्न यांची प्रेमकहाणी मुख्य कथेत फारशी येत नाही. टॉल्किन यांनी ती मूळ पुस्तकात शेवटी, परिशिष्टात टाकली आहे, तेव्हा पहिल्या शंभर पानांत प्रेम दिसत नाही म्हणून पुस्तक मिटू नका. मास यांच्या पुस्तकांत शृंगाराचं वर्णन मोकळेपणाने येतं. पंचविशीतल्या वाचकाला त्याचं काही नाही, पण घरात शाळेत जाणारं कोणी असेल तर ते वरच्या फळीवर ठेवलेलं बरं. आणि हे सगळं जड वाटलं तर नाथांचं ‘रुक्मिणी स्वयंवर’ काढा. पारायणासाठी नको, कादंबरी म्हणून वाचा. प्रसंग अठराच आहेत. रुक्मिणी पत्र लिहिते तो भाग लेकीला मोठ्याने वाचून दाखवा, आणि तिच्याकडून फेयराचा तो रागाचा प्रसंग मराठीत सांगून घ्या.